तारवाल्याचं आकाश

"एवर्त प्रश्नांना उत्तरं देत नाही," फोनवरची बाई म्हणाली. "नुसता बघत बसतो."

मी उमेओच्या प्रयोगशाळेत होते, शीतखोलीत बर्फाचा ठोकळा कापत. करवत खाली ठेवली. "कसले प्रश्न?"

"साधेच. चूल विझवायचं लक्षात राहतं का? गोळ्या वेळेवर घेतोस का? रात्री आपला आपण उठतोस का? एकालाही उत्तर नाही. आणि मग मधेच, मी पुढचं विचारायला लागले की भलतंच काहीतरी बोलतो."

"माझा बाप?"

"घरच्यांना हे ऐकणं जड जातं, हिल्लेवी. मी समजू शकते."

तिचं नाव पेत्रा. आमच्याकडे पंतप्रधानालाही नावाने आणि 'तू' म्हणूनच हाक मारतात, तेव्हा तिने बापाला एवर्त म्हटलं ते खटकलं नाही. खटकला तो सूर. घरातलं मांजर मेल्यावर लहान मुलाशी बोलतात, तसला. म्हाताऱ्यांची तपासणी करायचं काम आमच्या पालिकेने एका कंपनीला देऊन टाकलं होतं. पेत्रा त्या कंपनीच्या माल्मोच्या कचेरीत, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला बसून, पडद्यावर प्रश्न विचारायची. उन्हाळ्यात पप्पाचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्याची पाळी आली होती. आणि तिने ठरवूनही टाकलं होतं: याचं आकलन ढासळलंय, याला एकटं ठेवणं धोक्याचं, नोव्हेंबरात तालुक्याच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय ती याला द्यायची.

"रविवारी तासभर बोललाय तो माझ्याशी," मी म्हणाले. "लाकडाच्या शेडपाशी उभा राहून. तिथेच मोबाइलला सिग्नलची एक काडी मिळते. टेलिफोन कंपनीच्या संचालकांना नावानिशी शिव्या घालत होता. एकाचंही नाव चुकला नाही."

"चांगले दिवस असतात, वाईट असतात."

"कुणालातरी घरी पाठव. समोर बसून विचारू दे."

"आता सगळं पडद्यावरच होतं. अंतरं फार आहेत ना तुमच्याकडे."

"मग मी त्याला उमेओला आणते. इथलं नेट चांगलं आहे."

"नाही, माणूस त्याच्या घरातच बघावा लागतो. जिना, चूल, न्हाणी." ती थांबली. "ऑक्टोबर संपायच्या आत एकदा पुन्हा घेता येईल. पण त्याच्याच घरून."

मी फोन ठेवला आणि शीतखोलीच्या दाराला लाथ मारली. दार पोलादी आहे. अंगठा आठवडाभर दुखत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गावी, क्वार्नलिदेनला पोचले, तेव्हा पप्पा काठी बगलेत धरून सरपण रचत होता.

"बरा आहेस ना?"

त्याने ओठ चंबूसारखे केले आणि झटकन श्वास आत ओढला. बरा होता. मग म्हणाला, "त्या बाईने फोन केला वाटतं. वेडा ठरवलंय मला."

"तू उत्तरं का दिली नाहीस?"

"दिली. सगळी दिली. तीच मधे मधे बोलत होती. एक विचारायची, मी तोंड उघडलं की दुसरं. घरी कुणी वळण लावलंच नाही तिला."

आमच्या घरात ब्रॉडबँड का नाही हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पप्पा जन्मभर सरकारी टेलिफोन खात्यात तारवाला होता. या खोऱ्यातला प्रत्येक खांब त्याने नाहीतर त्याच्या टोळीने रोवलेला. काही वर्षांपूर्वी गावाने फायबरच्या केबलसाठी मंडळ काढलं. आमच्याकडे असंच करतात: शहरात कंपनी केबल टाकते, खेड्यात लोक आपला चर आपणच खणतात, प्रत्येक घराला आपला तुकडा. पप्पा सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "तार प्रत्येक घरापर्यंत आणणं हे देशाचं काम आहे. आम्ही ते केलंय. आता फुकट खणून द्यायला मी काय वेठबिगार आहे?" खणायचं यंत्र आमच्या हद्दीवर आलं, तेव्हा हा वाटेत खुर्ची टाकून बसला. मग चर तळ्याच्या पलीकडून वळवला गेला.

दोन हिवाळ्यांनंतर टेलिफोन कंपनीने तांब्याची तार गुंडाळून नेली. म्हणे परवडत नाही. खांबही तोडले. एक सोडून. आमच्या अंगणाच्या कडेचा खांब पप्पाने सोडला नाही. पुन्हा खुर्ची, या वेळी खांबाला पाठ टेकून. कामगार बिचारे तरुण होते, ते कॉफी पिऊन निघून गेले.

आता घरावर नेटसाठी उपग्रहाची एक तबकडी होती. बाजाराच्या दिवशी गाडीत बसून विकणाऱ्या एका गुळगुळीत माणसाने ती एप्रिलमध्ये गळ्यात मारलेली. "कुठेही चालते" असं तो म्हणाला होता. कुठेही! मी भिंतीपाशी जाऊन ती नेमकी कुठे बघते ते पाहिलं, आणि रागाने माझे कान तापले.

हा जुन्या जातीचा उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर एका जागी खिळलेला असतो, छत्तीस हजार किलोमीटरवर. तिथे आहेत त्यांच्यासाठी ठीक. आमच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला इतका खाली दिसतो, की हात लांब करून क्षितिजावर वीत ठेवली तर वितीच्या आत मावतो. त्या वितीत आमच्या शेजाऱ्याचं, सिक्स्तेनचं, बर्चचं रान उभं आहे. एप्रिलमध्ये झाडं उघडी होती, फांद्यांतून कसंबसं दिसत होतं. जूनमध्ये पानं फुटली आणि लाइन सुतासारखी बारीक झाली. आता पानं झडत होती तरी ओल्या फांद्या होत्याच. त्यात अंतर. संदेश वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रकाशालासुद्धा याला अर्धा सेकंद लागतो, बाकीची यंत्रं धरून पाऊण. पाऊण सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही. पण बोलताना माणूस पाव सेकंदही थांबत नाही.

पेत्राला काय दिसलं ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी चांगलं नेट हवं, आणि जवळचं चांगलं नेट तळ्यापलीकडे, सिक्स्तेनच्या स्वयंपाकघरात.

सिक्स्तेन फायबर मंडळाचा अध्यक्ष. त्याने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून कप पुढे सरकवला. "तारवाल्याची पोर माझ्या दारात! काय, खुर्ची आणलीस का बसायला?"

"मला तुझं नेट हवंय. दहा मिनिटं."

"घे की. तुझ्या बापामुळे दोन किलोमीटर जास्त खडक फोडलाय आम्ही त्यासाठी. चवीने वापर."

मी लॅपटॉप उघडून पप्पाला जोडलं. चौकोनी तुकड्यांचा पप्पा आला.

"पप्पा, जेवलास का?"

काही नाही. चेहरा जिथल्या तिथे.

"काठी जवळ आहे ना?"

काही नाही. डोळे माझ्याकडे, ओठ जरासे हलल्यासारखे. मूर्ख माणसासारखा दिसत होता माझा बाप. मी घाईने पुढचा प्रश्न विचारायला लागले, "चूल—" आणि त्याच क्षणी त्याचा आवाज आला, "बटाट्याचे गोळे. काल उरलेले."

मी थांबले, तोही थांबला. मग दोघं एकदम बोललो. मग दोघं एकदम गप्प.

"तो हो म्हणाला ना," मागून सिक्स्तेन म्हणाला. "दोन्ही वेळा. हो, जेवलो. हो, काठी आहे."

"तुला ऐकू आलं?"

"नाही. पण त्याचं तोंड ओळखतो मी. साठ वर्षं भांडतोय."

आणि मग मला कळलं. आमच्या खोऱ्यात 'हो' हा शब्द कुणी वाया घालवत नाही. श्वास आत ओढला की झालं, हो. लहान मूल तेच शिकतं, पाद्रीही तेच करतो. त्या श्वासाला आवाज असतो, पण शब्द नसतो. लाइन बारीक झाली की पडद्यावर बोलायचं हे अ‍ॅप काटकसर करतं. माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा ठेवतं, बाकी पंख्याची घरघर, वारा, धाप, सगळं गाळून टाकतं. पप्पाचा प्रत्येक 'हो' असाच कचरा म्हणून गाळला गेला होता. आणि 'हो'पुढे तो जे काही शब्दांत बोलला, ते पाऊण सेकंद उशिरा, पुढच्या प्रश्नावर जाऊन आदळलं होतं. यावरून एका बाईने त्याचं घर काढून घ्यायचं ठरवलं होतं.

मी हे सगळं सिक्स्तेनला बडबडत सांगितलं, जरा ओरडतच. तो एरवी चिमटे काढणारा माणूस, पण आज कपातलं चीज चमच्याने उगाच फिरवत बसला.

"आस्ताला असंच म्हणाले होते," अखेर तो म्हणाला. "माझ्या बहिणीला. ती वर डोंगरात राहायची ना, तिथे चर पोचला नाही. तिच्याकडेही तसलीच तबकडी होती. 'प्रश्न विचारले तर बोलत नाही.' वसंतात नेलं तिला." त्याने चमचा खाली ठेवला. "मी सही केली. मला वाटलं, त्यांना कळत असेल."

मी लॅपटॉप मिटला.

"फायबर देऊ शकशील?" मग मी विचारलं.

"आज दिलं असतं. बापाची खोड मोडायला तरी. पण जमीन गोठायला लागलीय, पोरी. तळ्याला वळसा घालून चर खणायचा, म्हणजे पुढचा उन्हाळा."

ऑक्टोबर संपायला थोडे दिवस होते. मी घरी येऊन पप्पाला सगळं सांगितलं, आस्ताचंही, आणि पर्याय तपासायला बसले. मोबाइलचा मनोरा डोंगराच्या मागे. शेडच्या छतावर अँटेना धरून पाहिली, वारा आला की काडी जाते. बर्च तोडावेत, तर जुना उपग्रह स्पष्ट दिसेल, पण पाऊण सेकंद कुठे तोडायचा? राहिली नवी जात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून सरकत जाणारे पुष्कळ छोटे उपग्रह, एक गेला की दुसरा धरायचा. अंतर कमी म्हणून उशीर जवळजवळ नाहीच. त्यांची अट एकच: एक वीत नव्हे, डोक्यावरचं मोठं आकाश उघडं पाहिजे.

"कुणाचे आहेत हे?" पप्पाने विचारलं.

"एका कंपनीचे."

"कुठल्या?"

"परदेशी."

"छान! तार आपली होती, ती विकली. विकत घेणाऱ्याने गुंडाळून नेली. आता आभाळ परक्याचं भाड्याने घ्यायचं. उद्या त्याला परवडेनासं झालं की तो आभाळ गुंडाळेल. तेव्हा मी कशाला पाठ टेकून बसू, सांग ना!"

"मला माहीत नाही!"

"शिकलेली आहेस ना?"

"शिकलेय म्हणूनच सांगतेय! तुझं सगळं बरोबर आहे, पप्पा. तार काढायला नको होती, बरोबर. देशाचं काम होतं, बरोबर. आणि बरोबर असूनही नोव्हेंबरात तुला तालुक्याच्या गावी खिडकीत बसवतील, उकडलेला मासा खायला. तुला बरोबर ठरायचंय की घरी राहायचंय?"

"दोन्ही," तो ओरडला.

मी त्याच संध्याकाळी नव्या उपग्रहांच्या अँटेनाची पेटी मागवली. ती आली तोवर आम्ही मीठ मागण्यापुरतं बोलत होतो.

आकाश शोधायला फोन वर धरून फिरावं लागतं. झाड आडवं आलं की पडद्यावर तेवढा भाग लाल होतो. छतावर निम्मं आकाश लाल. गोठ्यावर लाल. अंगणाच्या मधोमध जरा कमी. मग मी पप्पाच्या खांबापाशी गेले आणि पडदा एकदम स्वच्छ झाला. मी मान वर केली. टेलिफोनच्या तारेसाठी रानातून कापलेली रुंद पट्टी तिथे आमच्या अंगणात उतरते. तार गेली तरी पप्पा दर शरदात त्या पट्टीतली रोपं कापत होता. मी त्याला कितीदा म्हटलं होतं, आता कशाला.

"खांबावर," मी आत जाऊन सांगितलं.

पप्पाने काठी उचलली. मग उठून माळ्याकडे चालू लागला. खाली आला तेव्हा हातात खांबावर चढायचे लोखंडी काटे.

"पप्पा, खुबा मोडलाय तुझा!"

"एकच मोडलाय."

तेवढ्यात अंगणात ट्रॅक्टर घरघरला. सिक्स्तेन, पुढे माती उचलायचं मोठं सूप लावून आलेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. तळ्यापलीकडून त्याला मी फोन वर धरून वेड्यासारखी हिंडताना दिसले होते, आणि मग खांबापाशी थांबलेली.

पप्पा दारात उभा राहिला. "हा इथे काय करतोय?"

"तुझ्या पोरीला सुपात घालून वर न्यायला आलोय. की तू चढतोस, माकडा?"

"माझ्या जमिनीवर परवानगीशिवाय चाकं घातलीस."

"तेव्हा दिली असतीस ना परवानगी, तर आज मी घरात कॉफी पीत बसलो असतो!"

"मी बरोबर होतो!"

"होतास! मग? दोन किलोमीटर खडक, एवर्त! माझी पाठ अजून सरळ होत नाही. तू बरोबर होतास म्हणून!"

पप्पाचं तोंड उघडं राहिलं. गावातल्या कुणी त्याला आजवर 'बरोबर होतास' म्हटलं नव्हतं. मी ती संधी साधून सुपात चढले. वर गेल्यावर खालून दोघंही एकमेकांच्या विरुद्ध सूचना ओरडत होते, डावीकडे, उजवीकडे, आवळ, सैल कर. मी कुणाचंच ऐकलं नाही. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे केलं.

ठरलेल्या दिवशी पप्पा स्वच्छ दाढी करून पडद्यासमोर बसला. मला चौकटीबाहेर बसायला आणि गप्प राहायला सांगितलं होतं. मी अ‍ॅपमधलं आवाज गाळणं बंद करून ठेवलं. आता लाइन इतकी रुंद होती की ते चालत होतं.

पेत्रा आली. चेहरा काचेसारखा स्पष्ट. माझ्याच वयाची निघाली.

"एवर्त, माझं बोलणं ऐकू येतंय का?"

पप्पाने श्वास आत ओढला.

पेत्रा दचकली. "तुला श्वास घ्यायला त्रास होतोय का? कुणी आहे का तुझ्याजवळ?"

"तो हो म्हणाला!" मी ओरडले.

"हिल्लेवी, उत्तरं एवर्तनेच द्यायची आहेत."

"तोच देतोय! पहिल्या दिवसापासून तोच देतोय!"

पप्पाने हात वर केला. "गप." मग पडद्याकडे वळला. "पोरी, तुमच्याकडे हो कसं म्हणतात?"

"हो... म्हणजे, हो."

"इथे असं म्हणतात." त्याने पुन्हा श्वास ओढला, सावकाश, शिकवल्यासारखा. "माझी आई असंच म्हणायची. लग्नात पाद्र्याने विचारलं, तेव्हा बायको असंच म्हणाली. मरेपर्यंत टिकलं. मागच्या वेळी तू चूल विचारलीस, गोळ्या विचारल्यास, मी प्रत्येकाला हो म्हटलं. तुझं यंत्र ते गाळत होतं. आणि शब्द पोचवत होतं उशिरा."

आता उत्तर न देता नुसतं बघत बसायची पाळी पेत्राची होती.

मग तिने सगळे प्रश्न पुन्हा विचारले. पप्पाने सगळ्यांना श्वासानेच उत्तरं दिली, मुद्दाम. तिने ती टिपून घेतली. अखेर म्हणाली, "एक राहिलं. वृद्धाश्रमात जायची तुझी इच्छा आहे का?"

"हे मागच्या वेळी विचारलं नव्हतंस."

"नाही."

"का?"

"तेव्हा वाटलं, की..." ती थांबली. "नव्हतं विचारलं."

पप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकला. "नाही!" तो इतक्या जोरात म्हणाला की चुलीवरचं झाकण वाजलं. "नाही हे आम्ही श्वासात म्हणत नाही. ऐकू आलं?"

"आलं," पेत्रा म्हणाली. "तो निर्णय मी मागे घेते."

मी उठून चौकटीत शिरले. "आमच्याकडच्या आणखी किती जणांनी तुला उत्तर दिलं नाही, पेत्रा?"

"दुसऱ्यांबद्दल मला बोलता येत नाही."

"बोलू नकोस. ऐक परत. प्रत्येकाचं."

तिचा चेहरा पडला होता. तिने मान हलवली की कॅमेरा हलला, ते मला आजही सांगता येणार नाही. पडदा काळा झाला.

पप्पाने बूट ओढायला घेतले. खुब्यामुळे त्याला वेळ लागतो, पण मदत केलेली चालत नाही.

"गाडी काढ."

"कुठे?"

"तळ्यापलीकडे जाऊन त्याला घ्यायचं. मग तालुक्याला. आस्ता सहा महिने तिथे हो हो म्हणत बसली असेल, आणि कुणी ऐकलं नसेल."

चर वळवला तेव्हापासून त्याने तळं ओलांडलं नव्हतं. दुकानात जायचं तरी लांबच्या रस्त्याने जायचा.

"पप्पा," मी म्हणाले, "तू सिक्स्तेनच्या घरी जाणार? स्वतः?"

त्याने बुटाची नाडी करकचून आवळली आणि श्वास आत ओढला.